दारव्ह्याकडे शेतमजुरी करणाऱ्याने उंची-वजन भरल्यावर मोबाइलवर दिसणारी चरबीची टक्केवारी आणि 'आदर्श वजन' कितपत खरे मानावे?

चरबीची टक्केवारी ढोबळ अंदाज म्हणून घ्यावी आणि 'आदर्श वजन' तर त्याहूनही कमी मनावर घ्यावे. केवळ उंची, वजन, वय आणि लिंग विचारणारे कॅल्क्युलेटर चरबी मोजतच नाही. ते बीएमआयवरून (किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) सरासरी आकडा काढते, त्यामुळे कापसाची गाठोडी उचलून कसलेले शरीर आणि दुकानात बसून सुटलेले पोट, वजन-उंची सारखी असल्यास, त्याच्या लेखी एकच ठरतात. मान आणि कमरेचा घेर विचारणारी अमेरिकी नौदलाची पद्धत तुलनेने बरी, पण तिच्यातही तीन-चार टक्क्यांची चूक सहज होते. आदर्श वजनाचे सर्वांत प्रचलित सूत्र डिव्हाइन नावाच्या संशोधकाने १९७४ मध्ये औषधांची मात्रा ठरवण्याच्या संदर्भात मांडले होते: पुरुषाला पाच फुटांसाठी ५० किलो आणि पुढील प्रत्येक इंचाला २.३ किलो. म्हणजे साडेपाच फुटांचा प्रत्येक पुरुष ६३.८ किलोचाच हवा, मग तो विशीतला असो वा साठीतला! शिवाय तेवढ्याच बीएमआयला भारतीयांच्या अंगात युरोपीयांपेक्षा अधिक चरबी असते, म्हणून आपल्याकडे २५ ऐवजी २३ पासूनच वजन जास्त धरतात. त्यापेक्षा शिंप्याची टेप घेऊन कमर मोजावी. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे घेर गेल्यास रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. मात्र काही महिन्यांतील बदल पाहण्यासाठी हेच कॅल्क्युलेटर चालते, अट एवढीच की काटा तोच असावा (आडतीवरचा नव्हे, आणि वजन चपला काढूनच करावे) आणि वेळ सकाळची, उपाशीपोटी असावी.