फ्लेक्सबॉक्समध्ये शेवटची ओळ का विस्कटते

फ्लेक्सबॉक्स म्हणजे वेबपानावरचे घटक ओळीत मांडण्याची सीएसएसची पद्धत. तुमची मांडणी अशी आहे: १००० पिक्सेल रुंद कंटेनर (कार्डांना धरणारी चौकट), त्यात ८ कार्डे, फ्लेक्स-बेसिस (कार्डाची सुरुवातीची रुंदी) २४० पिक्सेल, गॅप (कार्डांमधलं अंतर) १६ पिक्सेल, फ्लेक्स-रॅप (न मावणारं कार्ड खालच्या ओळीत टाकणं) चालू आणि जस्टिफाय-कॉन्टेन्टला (ओळीतली मोकळी जागा कशी वाटायची ते) स्पेस-बिटवीन, म्हणजे सगळी मोकळी जागा कार्डांच्या मधे. शेवटच्या ओळीतली दोन कार्डे दोन टोकांना जातात, ही तुमची तक्रार. ब्राउझर इथे चुकत नाही. फ्लेक्सबॉक्स आधी ओळी पाडतो आणि मग प्रत्येक ओळीतली मोकळी जागा त्या ओळीपुरती वाटतो. वरच्या ओळीत काय झालं याचा खालच्या ओळीला पत्ताच नसतो.

ओळी पाडताना बेसिस आणि गॅप यांची बेरीज धरली जाते, ग्रो (उरलेल्या जागेत पसरणं) आणि श्रिंक (जागा कमी पडली तर आक्रसणं) नंतर लागतात. चार कार्डांचे ९६० आणि तीन गॅपचे ४८ मिळून १००८ होतात, म्हणून चौथं कार्ड खाली जातं. ‘श्रिंक १ आहे, आठ पिक्सेल आक्रसून घेईल’ ही अपेक्षा बऱ्याच जणांची असते, पण रॅप चालू असताना तसं होत नाही. बेसिस २५ टक्के ठेवून वर गॅप दिला की चारऐवजी तीनच मावतात, त्याचंही कारण हेच. बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स (म्हणजे पॅडिंग आणि बॉर्डर रुंदीतच धरणं) नसेल तर पॅडिंगही बेरजेत येतं, तेही तपासा.

फ्लेक्स-ग्रो १ देऊन प्रश्न सुटत नाही, फक्त रूप बदलतं. वरची कार्डे सुमारे ३२२.६७ पिक्सेल होतील आणि खालची दोन ४९२. काही जण रिकामे डिव्ह (एचटीएमएलमधले मोकळे डबे) टाकून ओळ भरतात. कृपया तसं करू नका. रकाने किती होणार हे स्क्रीनवर ठरतं, तुमच्या एचटीएमएलमध्ये नाही.

कार्डे एकाखाली एक सरळ यायला हवीत तर ग्रिड (ओळी आणि रकाने एकत्र ठरवणारी सीएसएसची मांडणी) घ्या:

ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स: रिपीट(ऑटो-फिल, मिनमॅक्स(मिन(१००%, २४०पीएक्स), १एफआर))

म्हणजे मावतील तितके रकाने, प्रत्येक किमान २४० पिक्सेलचा, आणि उरलेली जागा सगळ्यांत सारखी. आतला मिन महत्त्वाचा आहे. तो नसेल तर २४० पेक्षा अरुंद जागेत कार्ड बाहेर येतं आणि आडवा स्क्रोल सुरू होतो. ऑटो-फिटऐवजी ऑटो-फिल मुद्दाम सांगतोय, कारण तो रिकामे रकाने तसेच ठेवतो. शोधनिकालात एकच कार्ड उरलं तर ऑटो-फिट रिकामे रकाने मिटवतो आणि ते कार्ड पूर्ण रुंदीभर पसरतं.

शेवटची ओळ मधोमध हवी असेल तर मात्र फ्लेक्सबॉक्सच बरा: ग्रो ०, जस्टिफाय-कॉन्टेन्ट सेंटर. टॅग, चिप्स (मजकुराच्या छोट्या पट्ट्या), फिल्टरची बटणं यांनाही तोच शोभतो, कारण तिथे रुंदी मजकुरावर ठरते.

उभ्या दिशेत अलाइन-आयटम्स एका ओळीच्या आत काम करतो, अलाइन-कॉन्टेन्ट ओळींच्या आपसातल्या जागेवर. कंटेनरला ठरावीक उंची दिली आणि ओळी एकमेकींपासून लांब गेल्या, तर अलाइन-कॉन्टेन्टला फ्लेक्स-स्टार्ट द्या. मूळचं वर्तन ओळी ताणण्याचं असतं.

एक अडचण मोबाइलवरच कळते. फ्लेक्स घटकाची मिन-विड्थ (किमान रुंदी) मुळात ऑटो, म्हणजे आतल्या मजकुरावर ठरणारी, असते, त्यामुळे लांब ईमेल पत्ता असलेली चिप एकटी ओळीवर आली तरी त्या पत्त्यापेक्षा अरुंद होत नाही. ओव्हरफ्लो-रॅपला (लांब शब्द कुठे तोडायचा ते) एनीव्हेअर द्या. त्याच्याच ब्रेक-वर्ड या पर्यायाने किमान रुंदी कमी होत नाही, त्यासोबत मिन-विड्थ ० लागते.

मराठी आणि इंग्रजी बटणं शेजारी असतील तर लाइन-हाइट (ओळीची उंची) नॉर्मलवर सोडू नका. देवनागरीसाठी दुसरा फॉन्ट लागला की त्या बटणाची उंची वेगळी येऊ शकते. १.५ पासून सुरुवात करा आणि ‘र्की’सारख्या अक्षरावर वरची बाजू कापली जात नाही ना ते पाहा.