रील किती वेगात वाजवावी?

प्रश्न : आयरिश इलन पाइप्सवर (कोपरानं भाता दाबून हवा भरायच्या बॅगपाइपवर) जुना पाइपवादक जॉनी डोरनसारखी जलद रील, म्हणजे आयरिश नाचाची चाल, वाजवायला गेलो की सूर एकमेकांत मिसळतात. वेग किती ठेवावा?

उत्तर : डोरन जत्रांत, शर्यतींच्या मैदानांवर उभ्यानं वाजवायचा. त्याचं 1947चं ध्वनिमुद्रण ऐकताना मी आजही थरारते. त्या वेगातही सूर न् सूर सुटा ऐकू येतो. तुम्ही वेग क्रॅनवरून ठरवा. खालच्या डी स्वरावर बोटं पटापट एकेक उचलून काढलेले हे क्रॅनचे ठोके वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. नुसती गुरगुर झाली की वेग उतरवा. चँटर, म्हणजे सुरांची छिद्रं असलेली नळी, मांडीवर टेकवून सगळी छिद्रं झाकली की आवाज तुटतो, तो तुटकपणाही घाईत हरवतो. समोर नाचणारे असतील तर मात्र त्यांच्या पावलांचाच वेग. आणि पाइपवादक शेमस एनिसच्या संथ चाली ऐकाच!