‘गरज पडल्यास बोट काढणे’ ही ओळ वाचून मी बाबांना घरी आणलं होतं

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर झोप लागली नाही. आईंच्या तळव्याला जखम, शुगर जुनी, दोनदा डेब्रिडमेंट, म्हणजे सडलेलं मांस कापून जखम साफ करणं, झालंय, आता सर्जन तिसऱ्यांदा करू म्हणतायत, संमतीपत्रावर ‘गरज पडल्यास बोट काढणे’ असं लिहिलंय, आणि मामांचं म्हणणं की हे लोक कापून कापून पाय संपवतील, घरी आणा, वैद्यांना दाखवू. यातलं एकेक वाक्य आमच्या घरात बोललं गेलंय. फक्त मामांच्या जागी पुण्याहून फोनवर माझा भाऊ होता. आणि सही करून बाबांना घरी आणणारी मी होते.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. जे लिहिते ते बाबांच्या पाच महिन्यांच्या जखमेजवळ बसून शिकलेलं आहे. आईंचा पाय ज्यांनी डोळ्यांनी पाहिलाय त्यांचं म्हणणं माझ्यापेक्षा वर धरा. शुगर ताब्यात ठेवा वगैरे तुम्हाला ठाऊकच असणार, ते सोडून देते.

आमचं सुरू झालं नवरात्रात. बाबा गरबा खेळत नाहीत, पण सोसायटीच्या आरतीला नऊही रात्री अनवाणी उभे राहायचे. सोळा वर्षांच्या शुगरने पाय बधिर झालेले. काय टोचलं, कधी टोचलं, कुणाला कळलंच नाही. कोजागिरीला मी दूध आटवत होते आणि बाबा बाहेर मोजे काढत होते. मोजा तळव्याला चिकटला म्हणून त्यांनी तो ओढला, तेव्हाही त्यांना काही जाणवलं नाही. अंगठ्याखाली जो जुना घट्टा होता त्याच्या मधोमध मसुराएवढं काळं भोक होतं.

मी रोज त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतत होते. फेस आला की वाटायचं, जंतू मरतायत. तो फेस नव्याने उगवणाऱ्या पेशींनाही जाळतो, हे फार उशिरा समजलं. मग घराजवळ एके ठिकाणी एक दिवसाआड ड्रेसिंग सुरू केलं. तिथे पट्टी नीट बदलायचे, पण घट्टा कुणी तासला नाही. तो कडक घट्टा वर झाकणासारखा बसलेला आणि खाली पू पसरत चाललेला.

वसुबारसेच्या दिवशी बाबांना एका हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं. संध्याकाळी एक ज्युनियर डॉक्टर फॉर्म घेऊन आले. इंग्रजीत एकच ओळ होती: डेब्रिडमेंट, आणि गरज पडल्यास अंगठा काढणे. मी विचारलं, म्हणजे अंगठा काढणार आहात का? ते म्हणाले, ‘सगळ्यांचं असंच लिहितो, सही करा.’ सर्जन दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते. मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, ‘जखम साफ करायला नेलं होतं ना, मग बोट कुठून आलं? दिवाळी होऊन जाऊ दे, मी भाऊबीजेला येतोच आहे, मग बघू.’ मला ते पटलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. सल्ल्याविरुद्ध नेत आहोत अशा कागदावर, ज्याला तिथे ‘लामा’ म्हणतात, मी सही केली आणि सात वाजता बाबांना घेऊन घरी आले. दारात रांगोळी काढलेली होती.

वसुबारस ते भाऊबीज, सहा दिवस. सहाव्या रात्री बाबांना थंडी वाजून १०२ ताप आला. पट्टी सोडली तेव्हा वास खोलीभर झाला, आणि पायाच्या वरच्या बाजूने लाली घोट्यापर्यंत चढलेली होती. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये रात्रीच पू काढावा लागला. दोन दिवसांनी अंगठा आणि शेजारचं बोट, मागच्या लांब हाडांच्या काही भागासकट काढलं. सहा दिवस आधी केलं असतं तर बोटं वाचली असती का, हे मी त्या सर्जनना विचारलं. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. वसुबारसेच्या एक्स-रेत हाड स्वच्छ दिसलं होतं, पण हाडातला संसर्ग एक्स-रेत दिसायला दोन आठवडेही लागू शकतात. त्यामुळे तो पुरावाही माझ्या हातात नाही.

ती एक ओळ फॉर्मवर का लिहितात, ते या दुसऱ्या सर्जननी दहा मिनिटांत समजावलं. प्रिस्क्रिप्शनच्या मागे पायाचं चित्र काढून म्हणाले, ‘वरून मला हे एवढं दिसतंय. पू स्नायूंच्या दोऱ्यांच्या कडेने आत किती गेलाय ते उघडल्यावरच कळेल. हाड मऊ लागलं, किंवा सांधा पुवात उघडा पडलेला दिसला, तर ते बोट ठेवून उपयोग नाही, तिथूनच परत सडत जाईल. हाड घट्ट असेल तर मी बोटाला हात लावणार नाही. पण पेशंट टेबलावर असताना तुम्हाला शोधत फिरता येत नाही, म्हणून आधी लिहून घेतो.’ एवढंच पहिल्या ठिकाणी कुणी बोललं असतं तर मी सही केली असती. कधीकधी वाटतं की तो फॉर्म मराठी-गुजरातीत असता आणि त्याखाली चार ओळींची जागा असती, तरी पुरलं असतं. बडोद्यात इतकी मोठमोठी हॉस्पिटलं झाली, पण नातेवाइकाला खुर्चीवर बसवून दहा मिनिटं बोलायला माणूस नसतो, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून मामांना घेऊनच सर्जनकडे जा आणि हा एकच प्रश्न विचारा: बोट काढायचं हे तुम्ही आत गेल्यावर कशावरून ठरवणार? ज्यांना नीट उत्तर देता येतं त्यांच्यावर मी विश्वास ठेवीन. थिएटरबाहेर आम्ही थांबतो, निर्णय घ्यायच्या आधी एकदा बाहेर निरोप द्या, असंही सांगता येतं. आमच्या सर्जननी तसा निरोप पाठवला होता.

आता तिसऱ्यांदा का, यावर. मलाही हे पैसे काढणं वाटलं होतं. मेलेल्या मांसात रक्त फिरत नाही आणि अँटिबायोटिक रक्तातूनच पोचतं, त्यामुळे सलाइनमधून कितीही औषध दिलं तरी त्या सडलेल्या भागात ते जात नाही. ते मांस जंतूंचं घरही असतं आणि अन्नही. शिवाय जंतू जखमेवर एक चिकट थर करून राहतात. तो काढला तरी दोन-तीन दिवसांत परत धरू लागतो. म्हणून हे काम बहुतेक वेळा एकदा करून संपत नाही. बाबांचं तीनदा थिएटरमध्ये झालं, आणि नंतर कितीतरी वेळा ड्रेसिंगच्या टेबलावरच थोडं थोडं. जखम मोठी दिसते ती बरीचशी आधीच तेवढी असते, फक्त झाकलेली. मी स्वतः पाहिलंय: आधी तळाशी ओल्या साबुदाण्यासारखं पिवळट, बुळबुळीत काहीतरी असायचं, पुसलं तरी न निघणारं. तिसऱ्या वेळेनंतर आठवड्याभराने पट्टी उघडली तर तळ डाळिंबाच्या दाण्यांसारखा लाल, खडबडीत. सिस्टर म्हणाल्या, ‘आता भरेल.’ कापताना कडेने रक्त आलं तर घाबरू नका, रक्त आलं म्हणजे तिथलं मांस जिवंत आहे.

पण एका गोष्टीवर मात्र मी अडून बसायला सांगेन. पायाचा रक्तपुरवठा तपासला का? डॉपलर, म्हणजे पायातलं रक्त किती वाहतंय ते बघायची सोनोग्राफी, झालं का? घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात, ते ०.९ च्या खाली असेल तर पायात रक्त कमी जातंय. जुन्या शुगरवाल्यांच्या रक्तवाहिन्या कडक होतात, त्यामुळे आकडा १.३ च्या वर, म्हणजे खोटाच चांगला येऊ शकतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात. रक्तच पोचत नसेल तर कापलेली जागा भरणार कशाने? मग आधी अँजिओप्लास्टी करून रस्ता उघडावा लागतो. कोरडं, काळं, कडक पडलेलं बोट किंवा टाचेवरची सुकी खपली, जिथे पू नाही, लाली नाही, ती रक्तपुरवठा बघितल्याशिवाय घाईने कापत नाहीत. उलट पू असेल, ताप असेल, लाली चढत असेल तर पू काढायला थांबत नाहीत, रात्री असेल तरी. तुम्ही लिहिलंय की आईंच्या पट्टीला वास येतो आणि परवा कणकण होती. म्हणून मी हे इतक्या तळमळीने लिहितेय.

दुसरं, कल्चरचा, म्हणजे कोणता जंतू आहे ते शोधायच्या तपासणीचा, नमुना कुठून घेतला ते विचारा. वरवर कापूस फिरवून घेतलेल्या नमुन्यात कातडीवरचे जंतूही येतात. साफ केल्यानंतर तळातला छोटा तुकडा पाठवला तर खरा जंतू सापडण्याची शक्यता जास्त.

वैद्यांचं म्हणाल तर मामांशी भांडू नका. माझी आजी याच विचारांची होती. पण सुश्रुताने शस्त्रकर्मं आठ सांगितली आहेत, आणि त्यात छेदन आणि लेखन आहेत, म्हणजे कापणं आणि खरवडणं. व्रणावरचे साठ उपचार सांगितले, त्यातही ती आहेत. सडलेलं तसंच ठेवून वर लेप लावा, असं आयुर्वेदही सांगत नाही, एवढं मामांना जरूर सांगा.

आणि पाय टेकवणं. जखम तळव्याला असेल तर प्रत्येक पाऊल ती परत चिरडतं, आणि बधिर पायाला ते कळत नाही. बाबा ‘फक्त बाथरूमपर्यंत’ म्हणत दिवसातून दहा वेळा उठायचे. शेवटी पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवली आणि वॉकर आणला, तेव्हा कडा आत सरकू लागल्या. पायाला प्लास्टरसारखा साचा बसवून भार वाटून देतात, त्याबद्दल आईंच्या सर्जनना नक्की विचारा. माझ्या मते निम्मं काम सर्जनच्या सुरीचं आणि निम्मं या न टेकवण्याचं आहे. डॉक्टर हे प्रमाण मान्य करतीलच असं नाही. आम्ही दर रविवारी जखमेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढायचो. चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही तर काहीतरी चुकतंय, परत सगळं तपासा, असं आम्हाला सांगितलं होतं. तारखेसकट फोटो दाखवले की डॉक्टरही जास्त नीट बोलतात.

विम्याचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. त्या ‘लामा’च्या सहीमुळे पहिल्या ॲडमिशनचा खर्च तर आमच्या अंगावर पडलाच, दुसऱ्या वेळीही विमा कंपनीकडून सारख्या शंका येत राहिल्या: सल्ल्याविरुद्ध का नेलं, जखम किती जुनी, शुगरचे जुने कागद द्या. एकदा कागद दिले की आठ दिवसांनी तेच कागद परत मागायचे. बाबांचा पाय तिकडे उघडा आणि मी इकडे झेरॉक्सच्या रांगेत. तुमचं अडलं तर कंपनीकडे लेखी तक्रार करा, आणि एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर अहमदाबादच्या विमा लोकपालांकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, पण नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. आईंचं वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर आयुष्मान कार्डही बघा, ऑक्टोबर २०२४ पासून त्या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. हॉस्पिटल त्या यादीत आहे का ते मात्र आधी विचारा.

बाबा आता एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या सँडलमध्ये, पुढच्या रिकाम्या जागेत फिलर घालून, रोज सकाळी कमाटीबागेत फुलांच्या घड्याळापर्यंत जातात आणि परत येतात. घरी आल्यावर मी त्यांचे दोन्ही तळवे आरसा धरून बघते. आरतीला ते सँडल घालूनच उभे राहतात, मागच्या बाजूला.

तुम्ही लिहिलंय की सर्जनचा राउंड उद्या सकाळी नऊला असतो. साडेआठला पोचा, मामांना बरोबर घ्या, डॉपलरचा रिपोर्ट असेल तर फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. आईंना आज रात्री परत ताप आला किंवा लाली वर चढली तर नऊची वाट बघू नका, ड्युटीवरच्या डॉक्टरांना उठवा. काय ठरलं ते इथे लिहा, मी शाळा सुटल्यावर बघते.