वाचक विचारतात : जड गाडी, तांबडा चिखल आणि टायरमधली हवा

पावसाळा तोंडावर आला की टायरवरची पत्रं वाढतात. या वेळी दोनशे किलोच्या वरच्या अॅडव्हेंचर मोटारसायकलींपुरतीच घेतली आहेत.

प्रश्न : माझी बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस. पुस्तिकेत पुढच्या टायरला ३६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलेत. सकाळी घरी गेज लावला की ३८ दिसतात. गाडी काढून थोडं पुढे गेलो की डॅशबोर्ड ३६ दाखवतो. दोन पीएसआय सोडून द्यावेत का?
– वाचक, म्हापसा

उत्तर : सोडू नका, दोन्ही आकडे खरे आहेत. या गाडीचा डॅशबोर्ड '२० अंश सेल्सिअसला हा दाब किती भरला असता' असा हिशेब करून आकडा दाखवतो. गेज मात्र आत्ता आत जेवढा दाब आहे तेवढाच सांगतो. गोव्यात मे महिन्याच्या सकाळी सावलीतला टायरसुद्धा तिशीच्या पुढे असतो. ३१ अंश धरून बघा. ३६ मध्ये वातावरणाचे १४.७ मिळवले की ५०.७. तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं, म्हणजे २९३ वरून ३०४. ५०.७ गुणिले ३०४ भागिले २९३ केले की ५२.६ येतात. त्यातून १४.७ वजा केले की उरतात ३७.९. तुमच्या गेजवरचे ३८ ते हेच. ढोबळ मानाने पाच-सहा अंशांना एक पीएसआय लक्षात ठेवा.

तेव्हा या गाडीला डॅशबोर्डवर पुढे ३६ आणि मागे ४२ दिसले की काम झालं. ज्या गाडीला सेन्सर नाही, तिची हवा थंड टायरवरच बघायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी हवी. घोळ होतो तो पेट्रोल पंपावर. दहा-पंधरा किलोमीटर पळवून आणलेल्या गाडीत ४० दिसतात, पंपावरचा मुलगा 'जास्त आहे' म्हणून चार सोडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये हवा खरोखरच कमी असते. गरम टायरमधली हवा सोडू नये. आणि स्वतःचा गेज ठेवा. पंपावरचा रोज किती वेळा जमिनीवर आपटतो ते एकदा उभं राहून बघा.

प्रश्न : पावसात ग्रिप वाढावी म्हणून हवा सात-आठ पीएसआय कमी करावी, असं आमच्या ग्रुपमध्ये सगळे सांगतात. बरोबर आहे का?
– वाचक, फोंडा

उत्तर : डांबरावर साफ चूक. साचलेल्या पाण्यावरून जाताना टायरने ते पाणी बाजूला ढकलावं लागतं. टायर मऊ असला की जमिनीवर टेकलेला भाग पसरतो, दर चौरस इंचावरचा भार घटतो, पाणी खालून पाचरीसारखं घुसतं आणि चाक तरंगायला लागतं. कोणत्या वेगाला तरंगेल, ते दाबाच्या वर्गमूळावर ठरतं. ३६ चं वर्गमूळ ६, २५ चं ५. म्हणजे ३६ वरून २५ वर आलात तर तरंगण्याचा वेग एक षष्ठांशाने खाली येतो. हे सूत्र नासाने विमानांच्या टायरवर केलेल्या चाचण्यांतून आलं. मोटारसायकलचा टायर गोलाकार असल्यामुळे नेमका वेग वेगळा येईल, पण दिशा तीच. शिवाय कमी हवेत नक्षीच्या खाचा दबून मिटतात, म्हणजे पाणी निघून जायची वाटच बंद.

ग्रुपमधला सल्ला खरा ठरतो तो डांबर सोडल्यावर. जांभ्याची तांबडी माती भिजली की लोण्यासारखी होते आणि खाचांत लिंपून बसते. दोन मिनिटांत टायर मडक्यासारखा गुळगुळीत. इथे हवा कमी केली की टायर जास्त वाकतो, चिकटलेली माती थोडी गळून पडते आणि दगडावरून उडण्याऐवजी चाक त्याला धरून चालतं. ३६/४२ वर चालणाऱ्या गाडीसाठी खडीच्या कच्च्या रस्त्यावर पुढे ३० आणि मागे ३४, चिखलात पुढे २६ आणि मागे ३०, असं धरून चला. वेग ४० च्या आत. डबलसीट असाल किंवा पेट्या भरलेल्या असतील, तर मागची हवा सोडूच नका. चिखलाखाली चिरा दडलेला असतो. मऊ टायर त्याच्यावर आदळला की मार थेट अलॉय रिमला बसतो आणि काठ वाकतो. वाकलेल्या काठातून ट्यूबलेसची हवा जाणारच.

डांबर लागण्याआधी हवा पुन्हा भरायची, म्हणून १२ व्होल्टचा छोटा पंप सोबत हवा. गाडीच्या सॉकेटला किती अँपिअर झेपतात ते पुस्तिकेत बघा. बऱ्याच पंपांना त्याहून जास्त लागतात, मग तार थेट बॅटरीवरून घ्यावी लागते.

कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत उतरणाऱ्या, शेवाळ धरलेल्या चिऱ्यांच्या उतारावर मात्र कुठलीच हवा आणि कुठलाच टायर कामाला येत नाही. गाडी वर ठेवून चालत जा.

प्रश्न : मोरजीच्या वाळूत चालवायला १५ पीएसआय पुरेत का?
– वाचक, पेडणे

उत्तर : गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेणं कायद्याने बंद आहे. मोरजीला तर कासवं अंडी घालतात. पुढचा प्रश्न.

प्रश्न : पुढे १९, मागे १७ इंची चाकं. रोज पणजी, रविवारी चोर्ला घाट, दिवाळीनंतर सत्तरीतले मातीचे रस्ते. दुकानदार म्हणतो बटन टायरच घ्या.
– वाचक, वाळपई

उत्तर : तुमचे दहातले नऊ किलोमीटर डांबरावर आहेत. ८०/२० प्रकारचा टायर घ्या, म्हणजे ८० टक्के रस्ता, २० टक्के माती; मिशेलिनचा अनाकी अॅडव्हेंचर याच गटातला. बटन टायर, म्हणजे उंच, सुट्या रबरी ठोकळ्यांचा टायर, ओल्या घाटात ब्रेक मारताना त्रास देतो, कारण जमिनीला टेकलेलं रबर मुळात कमी आणि ती उंच बटणंही वाकतात. रोजच्या डांबरावर ती लवकर झिजतात, ते वेगळंच. बटन टायर शोभतो त्याला, ज्याची निम्मी धाव मातीत आहे. पार्किंगमध्ये दिसायला छान दिसतो, हे कबूल.

साइज जुळली म्हणजे टायर बसला असं नाही. साइजनंतरचा आकडा भाराचा असतो. १७०/६० आर १७ पुढे ७२ लिहिलं असेल, तर तो टायर ३५५ किलो पेलतो. ६९ असेल तर ३२५. आर १२५० जीएसचंच उदाहरण घ्या. गाडी २४९ किलोची, माणसं-सामानासकट मर्यादा ४६५ किलो, आणि त्यातला मोठा वाटा मागच्या चाकावर येतो. आकड्यापुढचं अक्षर वेगाचं : क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, टी १९०, एच २१०, व्ही २४०. गाडीच्या पुस्तिकेत दिलंय त्यापेक्षा कमी भाराचा टायर नको. दुकानात बॅटरी मारून टायरच्या बाजूवर 'DOT' (डॉट) या अक्षरांनंतरचे शेवटचे चार अंक वाचा : २४२४ म्हणजे २०२४ चा चोविसावा आठवडा. जुना साठा असेल तर दुसरा मागा.

बसवताना फिरण्याच्या दिशेचा बाण बघून घ्या, नक्षीवरून अंदाज करू नका. पहिले दीडशे किलोमीटर गाडी हळूहळू कलवत न्या. नव्या रबराचा तुळतुळीतपणा जायला तेवढं लागतं.

प्रश्न : पुढे ९०/९०-२१, ट्यूबवालं चाक. मातीत १८ पीएसआय ठेवले होते. ट्यूब काढली तर शेजारी-शेजारी दोन भोकं, खिळा मात्र कुठेच नाही!
– वाचक, काणकोण

उत्तर : खिळा नव्हताच. दगडावर आदळताना ट्यूब टायर आणि रिमच्या मध्ये चिमटली. साप चावल्यासारखी दोन भोकं ही त्याची खूण. या गाडीला २४ च्या खाली जाऊ नका. खाली गेलात तर आणखी एक धोका असतो : जोरात ब्रेक लावला की टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. व्हॉल्व्ह तिरका दिसायला लागला की समजा, टायर सरकलाय. तशीच चालवू नका. हवा सोडून तो सरळ करून घ्या.

प्रश्न : ट्यूबलेस टायर, पंक्चर नाही, तरी आठवड्याला चार पीएसआय जातात.
– वाचक, मिरामार

उत्तर : समुद्राकाठी खारा वारा अॅल्युमिनियमच्या रिमला खातो. टायरचा काठ जिथे रिमला टेकतो तिथे पांढरी भुकटी धरते आणि तिच्यातून हवा झिरपते. भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून ब्रशने आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर लावा, मग बुडाशी, मग दोन्ही बाजूंच्या काठावरून पूर्ण गोल. जिथून हवा जाते तिथे बारीक फेस येतो, पण लगेच नाही; दोन-तीन मिनिटं थांबा. तोंडावर आला तर व्हॉल्व्हची पिन बदला. बुडाशी आला तर अख्खा व्हॉल्व्ह बदलावा लागेल, आणि त्यासाठी टायर उतरवावा लागतो. काठावर आला तरी टायर उतरवायचा, भुकटी बारीक कागदाने घासून काढायची, काठ पुसून कोरडा करायचा आणि टायर पुन्हा चढवायचा. काठ जागेवर बसताना 'टक' असा आवाज दोनदा यायला हवा, दोन्ही बाजूंचा एकेक. व्हॉल्व्हची टोपी आत रबर असलेली, धातूची घ्या.

साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरला तर गळती थांबेल का, असंही याच वाचकांनी विचारलंय. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तुमच्या काठावरून तोही तितक्याच सुखाने निघून जाईल.