आईला मेडिकेड मिळेल का?

प्रश्न : आई (वय 71) गेल्या वर्षी ग्रीन कार्डवर न्यू जर्सीला आली. तिचं उत्पन्न शून्य. मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) मिळेल ना?

उत्तर : इतक्यात नाही. 1996 च्या कायद्याने बहुतेक नव्या ग्रीन कार्डधारकांना पहिली पाच वर्षं मेडिकेड आणि फूड स्टॅम्प (धान्य-किराण्यासाठीची सरकारी मदत) बंद केले. शिवाय तिला आणताना तुम्ही आय-864 वर (नातेवाईकाला पोसण्याच्या हमीपत्रावर) सही केलीत, आठवतंय? घाईघाईत सगळेच करतात. त्या सहीने आईचा भार तुम्ही कायद्याने उचललाय. पाच वर्षांनंतरही तिच्या अर्जात तुमचा पगार धरला जाऊ शकतो. ती नागरिक झाली किंवा तिच्या खात्यावर कामाच्या 40 तिमाह्या (साधारण दहा वर्षं) लागल्या, की साधारणपणे तेव्हाच तुम्ही सुटता. मेडिकेअरही (ज्येष्ठांचा सरकारी विमा) सलग पाच वर्षं राहिल्यावर विकत घ्यायचं. इथे तिने किंवा तिच्या नवऱ्याने नोकरी केलेली नसेल, तर पार्ट ए (हॉस्पिटलचा खर्च) चा हप्ता 2025 मध्ये महिना 518 डॉलर होता, पार्ट बी (डॉक्टरांचा खर्च) चा वेगळा 185. तोवर मार्केटप्लेसवरचा (सरकारने चालवलेल्या विमा-बाजारातला) विमा बघा. व्हिजिटर इन्शुरन्सच्या भरवशावर राहू नका; जुना मधुमेह निघाला की क्लेम बहुधा अडकतोच.

प्रश्न : मी पीएचडी करतोय. मुलगी इथेच जन्मली. तिचं मेडिकेड आणि बायकोचं विक (गरोदर-बाळंत बायका आणि लहान मुलांसाठीची सरकारी पोषण योजना) घेतलं तर पुढे ग्रीन कार्ड अडेल?

उत्तर : अर्जदार सरकारवर भार ठरेल का, हे बघणाऱ्या 2022 च्या नियमात मदतींपैकी रोख मदत आणि सरकारी खर्चाने दीर्घकाळ संस्थेत (उदा. नर्सिंग होममध्ये) राहणं एवढंच मोजतात. विकवरचं दूध-अंडी त्यात नाहीत, नागरिक मुलीचं मेडिकेडही नाही. पण हा नियम रद्द करण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर 2025 मध्ये आलाय, त्यामुळे अर्जाआधी वकिलाला विचारा. भीतीपोटी पोरीचं लसीकरण मात्र लांबवू नका.

प्रश्न : ऑफिसात एकजण म्हणाला, "तुम्ही बाहेरचे आमच्या टॅक्सवर जगता." काय सांगू?

उत्तर : आधी हे मान्य करा, की निर्वासितांना सुरुवातीला मदत मिळत आलीय आणि कमी पगाराच्या स्थलांतरित घरांत नागरिक मुलांच्या नावाने मदत येते. नॅशनल अकॅडमीज या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या 2016 च्या अहवालानुसार स्थलांतरितांच्या पहिल्या पिढीचा भार राज्यांवर पडतो, मुख्यतः मुलांच्या शाळेमुळे. तीच मुलं मोठी झाली की सर्वाधिक कर भरणाऱ्यांत मोडतात. मग तुम्ही एच-1बी (कामाच्या व्हिसा) वर असाल, तर तुमची पेस्लिप दाखवा : सोशल सिक्युरिटी 6.2 टक्के, मेडिकेअर 1.45. सोशल सिक्युरिटीबाबत भारत-अमेरिका करार नसल्याने दहा वर्षांच्या आत परतलात, तर त्यातून पेन्शन म्हणून एक डॉलरही मिळत नाही.