भूकवच, शिलावरण, प्रावरण, भूपट्ट : चार नावं की चार गोष्टी?

प्रश्न असा आला आहे : ‘एका ठिकाणी वाचलं की भूपट्ट म्हणजे भूकवचाचे तुकडे. दुसरीकडे लिहिलंय, शिलावरणाचे तुकडे. त्यात प्रावरण आहेच. कवच, आवरण, प्रावरण, सगळी पांघरुणंच! यातलं बरोबर काय? आणि हे भूपट्ट लाव्हारसावर तरंगतात, हे तरी खरं का?’

आधी थेट उत्तर. चारही शब्द वेगवेगळ्या गोष्टींसाठी आहेत. भूपट्ट हे शिलावरणाचे तुकडे. लाव्हारसावर ते तरंगत नाहीत.

गोंधळ होतो तो पृथ्वीची वाटणी दोन रीतींनी केल्यामुळे. पहिली रीत पदार्थावरून : वर भूकवच, खाली प्रावरण, मध्यभागी गाभा. कवच आणि प्रावरण दोन्ही खडकांचेच, पण खडकांचा प्रकार वेगळा. गाभा मुख्यतः लोखंड आणि निकेलचा. दुसरी रीत वागणुकीवरून : कोणता भाग ताठ आहे आणि कोणता दाबाखाली हळूहळू वाहतो. वरचा ताठ भाग म्हणजे शिलावरण, त्याखालचा नरम थर म्हणजे दुर्बलावरण. शिलावरणात अख्खं भूकवच येतं आणि त्याला खालून चिकटलेला प्रावरणाचा वरचा ताठ भागही येतो. सदऱ्याच्या कॉलरसारखं समजा. वर कापड, आत बकरम. काय काय वापरलं हे विचारलंत तर वस्तू दोन. पण कॉलर वळते ती एकच वस्तू म्हणून. भूपट्ट सरकतो तेव्हा कवच आणि त्याखालचं ‘बकरम’ दोन्ही बरोबरच जातात, म्हणून ‘भूकवचाचे तुकडे’ हे वाक्य अपुरं पडतं.

आकडे पाहिले की हे पटेल. महासागराखालचं कवच जेमतेम सहा-सात किलोमीटर जाड. खंडांखाली सरासरी 35-40, आणि हिमालय-तिबेटच्या खाली सुमारे 70. शिलावरण मात्र साधारण 100 किलोमीटरचं, जुन्या खंडांखाली त्याहून बरंच जाड. म्हणजे समुद्रतळाशी भूपट्टाच्या जाडीत कवचाचा वाटा अगदीच किरकोळ असतो. शिलावरण आणि दुर्बलावरण ही जोडी जोसेफ बॅरेल या भूवैज्ञानिकाने 1914 साली मांडलेल्या कल्पनेतून आली. ग्रीक ‘लिथोस’ म्हणजे दगड आणि ‘आस्थेनेस’ म्हणजे दुबळा. मराठीने दोन्ही शब्दांचा अर्थ जसाच्या तसा घेतला आहे.

आता ‘सगळी पांघरुणंच’ या तक्रारीकडे. ती गंमत म्हणून केली असेल, पण प्रावरणाच्या बाबतीत ती शब्दशः खरी आहे. प्रावरण म्हणजे संस्कृतात अंगावर घ्यायचं वस्त्र, उपरणं किंवा शाल. एकटा शब्द आपण वापरत नाही, पण ‘वस्त्रप्रावरणे’ म्हणतोच की! यातला उत्तरार्ध तोच. इंग्रजीतल्या ‘मँटल’चाही मूळ अर्थ अंगरखा किंवा झगा, तेव्हा पारिभाषिक शब्द घडवणाऱ्याने शाल शोधून काढली, हे मला फार आवडतं. एकच खोट. शाल अंगाच्या मानाने पातळ असते. हे प्रावरण कवचाच्या तळापासून सुमारे 2,890 किलोमीटर खोलीपर्यंत जातं, आणि पृथ्वीच्या एकूण आकारमानाचा चार-पंचमांशाहून जास्त भाग त्यानेच व्यापलाय. पांघरुणाने माणूसच खाऊन टाकावा तसं.

गाभा हा मात्र अस्सल घरचा शब्द. गर्भ, गाभ, गाभा. याच कुळात गाभण आहे आणि गाभाराही. हिंदीत यासाठी ‘क्रोड’ म्हणतात. मराठी मजकुरात तो शब्द शिरलेला दिसला की मी तो खोडून गाभा लिहितो. बाह्य गाभा द्रव, आंतर गाभा घन. हा घन भाग वेगळा आहे हे इंगे लेमान या डॅनिश बाईंनी 1936 मध्ये भूकंपलहरींच्या नोंदींवरून दाखवलं.

तरंगण्याच्या प्रश्नाचं मूळ दोन शब्दांच्या गल्लतीत आहे : द्रव आणि प्रवाही. पुस्तकात ‘प्रावरणाचा वरचा भाग प्रवाही आहे’ असं असतं. वाचणारा मनातल्या मनात ते ‘द्रव आहे’ असं वाचतो, आणि मग लाव्हारसाचा समुद्र व त्यावर तराफे असं चित्र उभं राहतं. पण द्रव ही पदार्थाची अवस्था झाली. प्रवाही म्हणजे वाहू शकणारा, आणि वाहायला द्रवच असावं लागतं असं नाही. हिमनदी पाहा. बर्फ घनच असतो, कुऱ्हाड मारली तर तुकडे उडतात, तरी तो उतारावरून वाहतो, म्हणून तर आपण त्याला नदी म्हटलं. प्रावरणाचा खडक तसाच, फक्त कितीतरी जास्त संथ. तो घन आहे याचा पुरावाही भक्कम आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. त्या प्रावरणातून बिनदिक्कत पार होतात आणि बाह्य गाभ्यापाशी मात्र थांबतात.

शिवाय लाव्हारस हा शब्दच चुकीच्या जागी आहे. वितळलेला खडक जमिनीखाली असेपर्यंत शिलारस, बाहेर पडला की लाव्हा. आणि शिलारसही खाली सगळीकडे भरून ठेवलेला नाही, ठरावीक ठिकाणी, काही कारणाने खडक थोडाथोडा वितळतो, तिथे तो तयार होतो. तेव्हा ‘भूपट्ट नरम पण घन दुर्बलावरणावरून सरकतात’ असं लिहावं. तरंगतात म्हणण्याइतकी मोकळीक ललित लेखनात देईन, धड्यात नाही.

‘भूपट्ट’ या शब्दाविषयी विचारलं नाहीये, तरी सांगतोच. हा पट्ट आहे, पट्टा नव्हे. पट्ट म्हणजे सपाट तुकडा, फळी, पत्रा. ताम्रपटातला पट त्याचाच भाऊबंद. पट्टा म्हणजे लांबट चिंचोळी वस्तू, आणि ‘भूकंपाचा पट्टा’ या अर्थाने तो याच विषयात दुसरीकडे हजर असतो, म्हणून घोळ होतो. तेव्हा एक भूपट्ट, सात मोठे भूपट्ट; भूपट्टाची कड, भूपट्टांची हालचाल. ‘भूपट्टे’ आणि ‘भूपट्ट्याची’ ही रूपं पट्ट्याची आहेत, ती इथे नकोत.

भूपट्टाला ‘भूखंड’ म्हणणंही टाळावं. भूपट्टावर खंड असू शकतो, पण समुद्रतळही असतो. पॅसिफिक भूपट्ट तर जवळजवळ सगळा समुद्राखालीच आहे. (आणि भूखंड म्हटलं की आता सातबारा आणि बिगरशेती डोळ्यांपुढे येतं, तो भाग वेगळाच.) आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने 1912 मध्ये खंड सरकतात असं मांडलं, त्या कल्पनेसाठी ‘खंडविप्लव’ हा शब्द मराठीत भेटतो. विप्लव म्हणजे आपल्याला बंड, उलथापालथ. पण त्यात तरंगण्याचा ‘प्लु’ धातू दडलाय, म्हणून शब्द दिसतो त्यापेक्षा जास्त नेमका आहे. वेगेनरचे खंड समुद्रतळ कापत पुढे जायचे, ते कुणाला पटेना. 1960च्या दशकात समुद्रतळच पसरतो हे कळलं आणि खंडांऐवजी अख्खे भूपट्ट हलू लागले, वर्षाला काही सेंटिमीटर.

राहता राहिला ‘टेक्टॉनिक्स’, म्हणजे पृथ्वीच्या या वरच्या भागाची रचना आणि हालचाल अभासणारं शास्त्र. यासाठी विवर्तनिकी आणि सांरचनिकी असे दोन पर्याय दिसतात. विवर्तनिकी मला पसंत नाही. विवर्त म्हटलं की वेदान्तातला दोरीच्या जागी भासणारा साप आठवतो, आणि भौतिकशास्त्रात प्रकाश कडेवरून वळतो तेही विवर्तनच. सांरचनिकी उच्चाराला जड असली तरी रचनेविषयी आहे हे तरी कळतं. मूळ ग्रीक शब्द आहे ‘तेक्तोन’, म्हणजे सुतार. संस्कृतात त्याचा सख्खा भाऊ बसलेला आहे : तक्षन्, अर्थ तोच, सुतार. इतका जवळचा नातेवाईक घरात असताना तो कुणाला कसा आठवला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.