'मोनोनोके' पहिल्यांदा बघताय?

१९९७चा 'प्रिन्सेस मोनोनोके' हा चित्रपट वेगळा. ही २००७ची १२ भागांची जपानी अ‍ॅनिमे मालिका. पण सुरुवात २००६च्या 'अयाकाशी' या भयकथांच्या अ‍ॅनिमे मालिकेतल्या शेवटच्या तीन भागांपासून करा, भुतांचा बंदोबस्त करणारा नायक औषधविक्या तिथेच पहिल्यांदा येतो. त्या कथेचं नाव 'बाकेनेको'. मालिकेतली शेवटची कथाही त्याच नावाची, पण ती आगगाडीत घडते; गल्लत नको.

पाच कथा आहेत, प्रत्येकी दोन-तीन भागांच्या. एक कथा एका बैठकीत संपवा, नाहीतर धागा सुटतो. भुताचं रूप, सत्य आणि कारण ही तिन्ही कळल्याशिवाय औषधविक्याची तलवार म्यानातून निघत नाही. नवखे रूपातच अडकतात. खरी मेख माणसांनी दडवलेल्या गोष्टींत असते. 'नुए' या कथेत सगळं करडं दिसलं तर टीव्हीची सेटिंग बदलत बसू नका, तिथे रंग सुगंधाबरोबर येतात.